मॅक ओएस ९ कडून मॅक ओएस एक्सकडे : एका अवघड स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

ॲपलने मार्च २००१ मध्ये मॅकिन्टॉश संगणकांसाठी मॅक ओएस एक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आणली, तेव्हा नावावरून ती मॅक ओएस ९ ची पुढची आवृत्ती वाटत होती. प्रत्यक्षात दोघींचे कूळच वेगळे होते. जुनी सिस्टिम १९८४ साली एका माणसाच्या टेबलावर बसणाऱ्या, एका वेळी एकच प्रोग्राम चालवणाऱ्या संगणकासाठी लिहिली गेली होती. नवीचे मूळ अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या यंत्रांसाठी बनलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होते. सगळे वापरकर्ते, त्यांचे प्रोग्राम, प्रिंटर, स्कॅनर आणि वर्षानुवर्षे साठलेल्या फाइली पहिलीवरून दुसरीवर न्यायच्या, आणि तेही मधल्या काळात कोणाचे रोजचे काम बंद न पाडता, अशी ही कामगिरी होती.

अशा स्थलांतराकडे सहसा शिकण्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. लोकांना नवे अंगवळणी पडायला वेळ लागतो, तो दिला की झाले, असा समज असतो. हे प्रकरण जवळून पाहिले, तर शिकणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग होता असे दिसते. स्थलांतराचा खर्च कोणी सोसायचा, केव्हा सोसायचा आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार, या प्रश्नावर ॲपलचे आधीचे प्रयत्न अडले आणि याच प्रश्नाचे बरे उत्तर सापडल्यावर शेवटचा प्रयत्न तडीस गेला.

साधेपणा कोठून आला

मूळ मॅकिन्टॉशचा साधेपणा हा अज्ञानातून आलेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, ॲपलने लिसा हा संगणक आणला होता. त्यात एकाहून अधिक प्रोग्राम एकाच वेळी उघडता येत आणि एक एमबी मेमरी होती. पण त्याची किंमत दहा हजार डॉलरांच्या घरात होती, तो संथ होता आणि तो फारसा खपला नाही. मॅकिन्टॉश २,४९५ डॉलरांना विकायचा, तर १२८ केबी मेमरीत सगळे बसवणे भाग होते, आणि त्यातलीही सुमारे २२ केबी पडद्यावरचे चित्र धरून ठेवण्यातच जात होती. म्हणून खिडक्या, मेनू आणि चित्रांकन यांचे प्रोग्राम ६४ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, कोरले गेले आणि एका प्रोग्रामचे दुसऱ्यापासून संरक्षण करणारी यंत्रणा गाळली गेली. एका वेळी एकच प्रोग्राम चालणार असेल, तर त्याचे संरक्षण करायचे तरी कोणापासून?

हा निर्णय १९८४ साली योग्य होता, असेच म्हणावे लागेल. अडचण अशी झाली, की पुढे त्यावर मजले चढत गेले. १९८५ मध्ये एका प्रोग्राममधून दुसऱ्यात उडी मारण्याची सोय करणारा स्विचर आला, १९८७ मध्ये मल्टिफाइंडर आला आणि १९९१ च्या सिस्टिम ७ या आवृत्तीमध्ये अनेक प्रोग्राम एकत्र चालणे ही नेहमीची गोष्ट झाली. पण ते चालत होते ते परस्परांच्या सौजन्यावर. प्रत्येक प्रोग्रामने थोड्या थोड्या वेळाने ‘वेटनेक्स्टइव्हेंट’ ही आज्ञा देऊन प्रोसेसर दुसऱ्यासाठी मोकळा करायचा, असा संकेत होता. एखाद्याने तो पाळला नाही, तर त्याला भाग पाडणारे वर कोणीच नव्हते. वापरकर्त्याने मेनूवर माउसचे बटण नुसते दाबून धरले, तरी मागे चाललेले बरेचसे काम थबकत असे.

मेमरीचीही तीच गत होती. सर्व प्रोग्राम एकाच मोकळ्या मैदानात शेजारीशेजारी मांडलेले असत आणि एकाने चुकून दुसऱ्याच्या हद्दीत काही लिहिले, तर अनेकदा सगळा संगणकच बंद पडे. पडद्यावर बॉम्बचे चित्र येई आणि संगणक पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. प्रत्येक प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, हेही वापरकर्त्यानेच ठरवायचे होते. फाइलीवर क्लिक करून ‘गेट इन्फो’ची खिडकी उघडायची आणि तिथे आकडा टाकायचा. मोठे चित्र उघडताना मेमरी अपुरी पडली, तर प्रोग्राम बंद करून, आकडा वाढवून, तो पुन्हा उघडायचा. आज ऑपरेटिंग सिस्टिम जे हिशेब मुकाट्याने करते, त्यातले कितीतरी त्या ‘साध्या’ सिस्टिमने माणसाच्या गळ्यात घातले होते.

तरीही त्या सिस्टिमबद्दल वापरकर्त्यांच्या मनात जी आपुलकी होती, ती खोटी नव्हती, आणि तिचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा विरोध कळत नाही. सिस्टिम फोल्डर नावाचा एक फोल्डर होता आणि डिस्कवरची सगळी ऑपरेटिंग सिस्टिम त्यात होती. आत एक्स्टेन्शन (सिस्टिमला जोड देणाऱ्या फाइली), कंट्रोल पॅनेल, फॉन्ट आणि प्रेफरन्स असे नावावरूनच ओळखू येणारे कप्पे होते. नवा फॉन्ट या फोल्डरवर नेऊन सोडला, की तो आपोआप योग्य कप्प्यात जाई. अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नुसता ओढून नेला, तरी ती डिस्क संगणक सुरू करण्यास सहसा योग्य होत असे. संगणक सुरू होताना तळाशी एक्स्टेन्शनची चिन्हे एकामागून एक उमटत, आणि एखाद्या चिन्हावर गाडी अडली, तर दोषी कोण हे तिथेच कळे. मग शिफ्टची कळ दाबून सर्व एक्स्टेन्शनविना संगणक सुरू करायचा आणि संशयित बाहेर काढायचा. ही दुरुस्ती कंटाळवाणी होती; पण एखादी शिक्षिका किंवा छपाईच्या व्यवसायातला मांडणीकार ती कोणाच्याही मदतीशिवाय करू शकत होता. आपले यंत्र आपल्याला पूर्णपणे कळते, हा अनुभव त्या सिस्टिमने सामान्य माणसाला दिला होता, आणि स्थलांतरात नेमका तोच हिरावला जाणार होता.

घर राहते ठेवून पाया बदलण्याचे प्रयत्न

दोष कुठे आहे, हे ॲपलमधील अभियंत्यांना फार आधीपासून ठाऊक होते. १९८८ मध्येच त्यांनी भविष्यातील कामे रंगीत कार्डांवर लिहून वेगळी केली होती. लवकर जमणाऱ्या सुधारणा निळ्या कार्डांवर होत्या आणि मुळापासून नव्या सिस्टिमच्या कल्पना गुलाबी कार्डांवर. निळ्या कार्डांतून सिस्टिम ७ निघाली. गुलाबी प्रकल्प १९९२ मध्ये आयबीएमसोबत स्थापन केलेल्या टॅलिजंट या कंपनीकडे गेला आणि मॅकच्या वापरकर्त्याच्या हाती त्यातून काहीच पडले नाही. दरम्यान मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी १९९३ मध्ये संरक्षित मेमरीसह बाजारात आली होती.

त्यानंतरचा कोपलँड हा प्रकल्प अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. १९९४ मध्ये त्याचा गाजावाजा सुरू झाला आणि ऑगस्ट १९९६ मध्ये तो गुंडाळला गेला. त्यात नवा, छोटा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा सर्वांत आतला गाभा, होता आणि पडद्यामागे चालणाऱ्या सेवांना स्वतंत्र, संरक्षित मेमरी मिळणार होती; मात्र वापरकर्त्याला दिसणारे सर्व प्रोग्राम, जुन्यांशी सुसंगतता टिकावी म्हणून, पूर्वीसारखेच एका सामायिक जागेत राहणार होते. त्यांना पूर्ण संरक्षण देण्याचे काम गर्श्विन नावाच्या पुढच्या आवृत्तीवर ढकलले होते. म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी नव्या गाभ्याशी जुळवून घेण्याची उस्तवार करायची, आणि ज्या कारणासाठी हे सगळे चालले होते ते फळ मात्र त्यानंतरच्या आवृत्तीत मिळणार. जुन्याशी तडजोड आणि नव्याचे आश्वासन या दोहोंत हा प्रकल्प इतका अडकला, की तो केवळ वेळेत झाला असता तरी यशस्वी ठरला असता असे वाटत नाही.

स्वतःला जमत नाही हे मान्य करून ॲपलने बाहेर शोध सुरू केला. बी या कंपनीच्या बीओएस या सिस्टिमचा विचार झाला. पण २० डिसेंबर १९९६ रोजी स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याची घोषणा झाली, आणि या सौद्यात ॲपलने ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. नेक्स्टस्टेप ही सिस्टिम १९८९ पासून प्रत्यक्ष वापरात होती. कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेला माख कर्नल, त्यावर बीएसडी ही युनिक्सची एक शाखा, आणि वर ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतील प्रोग्राम लिहिण्याची साधने, अशी तिची रचना होती. माखवर विद्यापीठात काम केलेले ॲव्ही टेव्हेनियन हे आता ॲपलच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख झाले. तंत्राचा प्रश्न इथे बऱ्याच अंशी सुटला होता. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची बंदिस्त मेमरी, प्रोसेसरचे वाटप कर्नलच्या हाती आणि वापरकर्त्यांची वेगवेगळी खाती, हे सगळे त्यात आधीपासूनच होते.

तरीही पहिली योजना फसली. १९९७ मध्ये मांडलेल्या रॅप्सडी या योजनेत दोन कप्पे होते. नव्या प्रोग्रामांसाठी यलो बॉक्स, आणि जुने प्रोग्राम होते तसे चालवण्यासाठी ब्लू बॉक्स. ब्लू बॉक्समधल्या प्रोग्रामांना नव्या सिस्टिमचा कोणताच लाभ नव्हता. लाभ हवा असेल, तर प्रोग्राम यलो बॉक्ससाठी, म्हणजे वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या विचारपद्धतीने, जवळजवळ नव्याने लिहायचा. अडोबी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासारख्या कंपन्यांकडे मॅकसाठी लिहिलेल्या लाखो ओळी होत्या आणि ॲपलचा बाजारातील हिस्सा तेव्हा घसरत होता. ज्याचे भवितव्य धड दिसत नाही, अशा मंचासाठी चालते प्रोग्राम मोडून पुन्हा बांधण्याची त्यांची तयारी नव्हती. या कंपन्यांना पुढे अनेकदा जुनाट म्हटले गेले. त्यांच्या जागी बसून हिशेब मांडला, तर त्यांचा नकार मला व्यवहारी वाटतो. रॅप्सडीने स्थलांतराचा जवळजवळ सगळा खर्च एकाच घटकावर टाकला होता, आणि तोही आगाऊ.

कार्बनची तडजोड

मे १९९८ मधील विकासकांच्या, म्हणजे मॅकसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या, परिषदेत सुधारित योजना जाहीर झाली. जुन्या मॅकमध्ये प्रोग्रामांनी सिस्टिमला द्यायच्या सुमारे ८,००० अंतर्गत आज्ञा होत्या. त्या तपासून, आधुनिक सिस्टिममध्ये मुळीच चालू शकणार नाहीत अशा सुमारे २,००० बाजूला काढल्या गेल्या आणि उरलेल्या नव्या पायावर पुन्हा उभ्या करण्यात आल्या. या संचाला कार्बन असे नाव मिळाले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सगळे पुन्हा लिहायचे नव्हते, तर वगळलेल्या आज्ञा वापरल्या असतील तेवढ्याच जागा बदलायच्या होत्या. आणि त्या कोणत्या, हे दाखवणारे एक तपासणी साधनही ॲपलने दिले.

वगळलेल्या आज्ञांत काय होते, हे पाहिले म्हणजे साधेपणाचे कर्ज कसे वाढत गेले ते समजते. जुन्या सिस्टिममध्ये खिडकीची माहिती मेमरीत उघडी पडलेली असे. तिची जागा विचारण्याऐवजी अनेक प्रोग्राम थेट त्या ठिकाणी हात घालून आकडे वाचत, कधी बदलतही. मेमरीच्या तळाशी सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी ठराविक पत्त्यांवर असत, आणि तेही पत्ते सर्वांना पाठ होते. पहिल्या मॅकचा प्रोसेसर पत्त्यासाठी ३२ पैकी २४ बिटच वापरत असल्याने उरलेल्या ८ बिटांत खुणा ठेवण्याची युक्ती सिस्टिमने स्वतःच सुरू केली होती. सिस्टिम ७ मध्ये पूर्ण ३२ बिटांचे पत्ते वापरायची वेळ आली, तेव्हा ती युक्ती अंगाशी आली. काही मॅक मॉडेलांच्या रॉममध्येच तो दोष पक्का कोरलेला होता. कार्बनमध्ये खिडकीची माहिती झाकली गेली आणि ती विचारण्यासाठी व बदलण्यासाठी स्वतंत्र आज्ञा आल्या. हे बदल किचकट होते, पण मोजता येण्याजोगे होते. किती जागा बदलायच्या, हे कंपनीला कामाला हात घालण्यापूर्वीच कळत होते, आणि माझ्या मते कार्बनचे खरे यश त्या मोजता येण्यात होते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. कार्बनसाठी सुधारलेला प्रोग्राम मॅक ओएस ८.१ आणि त्यापुढील जुन्या आवृत्त्यांवरही, तयार आज्ञांची एक लायब्ररी जोडल्यास, चालू शकत होता. त्यामुळे नव्या सिस्टिमचा एकही वापरकर्ता नसताना केलेल्या कामाची विक्री जुन्या सिस्टिमच्या वापरकर्त्यांना करता येत होती. खर्च आणि परतावा यांतले अंतर इथे प्रथमच कमी झाले. ॲपलने मॅक ओएस एक्सचा स्वतःचा फाइंडर, म्हणजे फाइली आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रामही, कार्बनवरच लिहिला, ज्यामुळे हा पूल तात्पुरता आणि दुय्यम दर्जाचा आहे, ही शंका काही प्रमाणात दूर झाली. ज्यांना नव्याने लिहायचे होते, त्यांच्यासाठी नेक्स्टची साधने कोको या नावाने तयार होतीच.

ज्या प्रोग्रामांना हात लावायला कोणीच उरले नव्हते, त्यांच्यासाठी क्लासिक हा तिसरा मार्ग होता. यात संपूर्ण मॅक ओएस ९ हीच मॅक ओएस एक्सच्या आत एका प्रोग्रामसारखी सुरू होई. तिच्यातला एखादा प्रोग्राम बिघडला, तर तिच्यातले बाकीचे सगळे त्याच्यासोबत कोसळत, परंतु बाहेरची सिस्टिम शाबूत राहत असे. क्लासिकला सुरू व्हायला वेळ लागे, तिच्या खिडक्या जुन्या रूपातच दिसत आणि तिला थेट यंत्रसामग्रीशी बोलता येत नसल्याने अनेक जुने स्कॅनर आणि खास उपकरणे मुकी झाली. ही गैरसोय पूर्णपणे टाळता आली असती असे नाही; पण ती फारशी टाळलीही गेली नाही, आणि ते बरेच झाले. क्लासिक अगदी सुखाची झाली असती, तर बाहेर पडण्याची घाई कोणालाच वाटली नसती.

वापरकर्त्यासमोर आलेले नवे जग

सप्टेंबर २००० मध्ये २९.९५ डॉलरांना सार्वजनिक चाचणी आवृत्ती विकली गेली. तिच्यात मेनूपट्टीच्या मध्यभागी ॲपलचे चिन्ह होते आणि त्यावर क्लिक केल्यास काहीच होत नव्हते. जुन्या सिस्टिममध्ये डाव्या कोपऱ्यातला ॲपल मेनू हा लोकांच्या सवयीचा आधार होता. तक्रारी झाल्या, आणि अंतिम आवृत्तीत तो मेनू डाव्या कोपऱ्यात परतला. बदल मागे घेण्याची अशी तयारी सर्वच बाबतींत दिसली नाही. जुन्या फाइंडरमध्ये प्रत्येक फोल्डरची स्वतःची एकच खिडकी असे आणि ती जिथे सोडली तिथेच पुन्हा उघडे. नव्या फाइंडरमध्ये नेक्स्टकडून आलेली स्तंभांची मांडणी आली आणि एकाच खिडकीतून सर्वत्र फिरणे सुरू झाले. जागेवरून वस्तू ओळखण्याची ज्यांना सवय होती, त्यांचे हे नुकसान कधीच भरून निघाले नाही.

२४ मार्च २००१ रोजी १२९ डॉलरांना आलेल्या मॅक ओएस एक्सच्या १०.० या पहिल्या आवृत्तीला १२८ एमबी मेमरी लागत होती, म्हणजे पहिल्या मॅकच्या १,०२४ पट. एवढे देऊनही ती संथ होती. खिडकीचा आकार बदलताना कोपरा माउसच्या मागून रखडत येई, कारण सावल्या आणि पारदर्शकतेसह सर्व खिडक्यांचे एकत्रित चित्र प्रोसेसरलाच तयार करावे लागत होते. हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय ऑगस्ट २००२ च्या १०.२ मध्ये आली. १०.० मध्ये डीव्हीडी चित्रपटसुद्धा पाहता येत नव्हता, जो मॅक ओएस ९ वर पाहता येत होता. सप्टेंबर २००१ ची १०.१ ही आवृत्ती आधीच्या ग्राहकांना विनामूल्य मिळाली, आणि ते योग्यच होते. अपुऱ्या मालाची भरपाई म्हणूनच तिच्याकडे पाहायला हवे.

याहून खोल अडचण दिसण्यातली नव्हती, तर न दिसण्यातली होती. फॉन्टचेच पाहा. जुन्या सिस्टिममध्ये त्यांची एकच जागा होती. नव्या सिस्टिममध्ये पाच झाल्या: वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘लायब्ररी’ या फोल्डरमध्ये, संगणकाच्या सामायिक लायब्ररीत, सिस्टिमच्या लायब्ररीत, नेटवर्कवर आणि क्लासिकच्या सिस्टिम फोल्डरमध्ये. प्रत्येक जागेला कारण होते. एकाने बसवलेला फॉन्ट दुसऱ्याच्या माथी मारू नये, सिस्टिमला लागणारे फॉन्ट कोणी उडवू नयेत, कार्यालयातल्या सर्वांना एकाच ठिकाणाहून फॉन्ट मिळावेत. पण घरी एकट्याने संगणक वापरणाऱ्याला या कारणांशी देणेघेणे नव्हते. त्याच्या दृष्टीने एक फॉन्ट पाच ठिकाणी शोधायची वेळ आली होती, आणि आपल्याच यंत्रावर फाइल हलवताना सिस्टिम त्याला पासवर्ड विचारत होती.

युनिक्सची नेहमीची फोल्डरे फाइंडरमध्ये लपवलेली होती. हा पडदा मॅक ओएस एक्स सुरू असेपर्यंतच टिकत असे. तोच संगणक मॅक ओएस ९ मध्ये सुरू केला, की डिस्कच्या मुळाशी अनोळखी नावांच्या फाइली दिसू लागत, आणि कोणती फाइल कोणी बदलावी याच्या नव्या सिस्टिममधल्या परवानग्यांचा जुन्या सिस्टिमला पत्ताच नसल्याने त्या सहज कचऱ्यात टाकता येत. आपली डिस्क नीटनेटकी ठेवणाऱ्या दक्ष वापरकर्त्याने असे केले, की मॅक ओएस एक्स पुन्हा सुरू होत नसे. जुन्या सिस्टिमने शिकवलेली चांगली सवयच इथे घात करत होती.

दोन जगांच्या सांध्यावरचा सर्वांत बोलका अपघात नोव्हेंबर २००१ मध्ये घडला. मॅकवर डिस्कच्या नावात मोकळी जागा असणे अगदी सामान्य होते. कारखान्यातून येणाऱ्या डिस्कचे ‘मॅकिन्टॉश एचडी’ हे नावच दोन शब्दांचे. युनिक्सच्या आज्ञापटलावर, जिथे आज्ञा टंकून द्यायच्या असतात, मात्र मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू झाल्याची खूण, आणि दोन्ही मिळून एकच नाव आहे हे सांगायचे, तर ते अवतरणचिन्हांत लिहावे लागते. गाणी ऐकण्याच्या आयट्यून्स २.० या प्रोग्रामच्या मॅक ओएस एक्ससाठीच्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे तो बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुनी प्रत काढून टाकणाऱ्या आज्ञेत, डिस्कच्या नावाभोवती ही अवतरणचिन्हे नव्हती. समजा ‘संग्रह’ आणि ‘संग्रह २’ अशा दोन डिस्क आहेत आणि प्रोग्राम दुसरीवर बसवायचा आहे. तर नाव मोकळ्या जागेशी तुटे आणि हटवण्याची आज्ञा ‘संग्रह’ या पहिल्या डिस्कवर चालवली जाई. काही वापरकर्त्यांचा डिस्कवरचा साठा त्यात पुसला गेला. ॲपलने इन्स्टॉलर मागे घेऊन लगेच २.०.१ ही आवृत्ती दिली. चूक दोन चिन्हांची होती, आणि ती मॅकच्या जगातल्या सवयी सर्वांत चांगल्या माहीत असलेल्या कंपनीकडून झाली होती. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष होत्या. त्या एकत्र आल्यावर काय होईल याची कसून चाचणी झाली नव्हती.

लहानसहान विसंगतींची तर मोजदाद नव्हती. जुन्या मॅकवर मार्गातील फोल्डरांची नावे अपूर्णविरामाने तोडली जात, युनिक्समध्ये तिरक्या रेघेने. त्यामुळे फाइंडरमध्ये नावात दिलेली तिरकी रेघ आतल्या आत अपूर्णविराम म्हणून साठवली जाई. ओळ संपल्याची खूणही दोघांची वेगळी होती, म्हणून जुन्या संपादकात लिहिलेली स्क्रिप्ट युनिक्सच्या साधनांना एकच लांबलचक ओळ वाटे. फाइल कोणत्या प्रोग्रामची, हे जुन्या सिस्टिमला फाइलीबरोबर साठवलेल्या चार अक्षरी खुणेवरून कळे. नवी सिस्टिम नावातल्या टिंबानंतरच्या शेपटाकडे अधिक पाहू लागली. हा बदल इतर संगणकांशी देवाणघेवाण करण्यासाठी सोयीचा असला, तरी जुनी पद्धत अधिक शहाणपणाची होती, असे मानणारे आजही आहेत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

वापरकर्त्यांनी या न दिसणाऱ्या गुंतागुंतीला आपल्या परीने उत्तर दिले. जुन्या काळी काही बिघडले, की डेस्कटॉपची नोंदवही (कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामची याची यादी) पुन्हा बांधणे आणि पीरॅम (मूलभूत सेटिंग जपणारी छोटी मेमरी) पुसणे हे उपाय पाठ असत. त्यांची जागा आता डिस्कची देखभाल करणाऱ्या डिस्क युटिलिटी या प्रोग्राममधील ‘परवानग्या दुरुस्त करा’ या बटणाने घेतली. काही अद्ययावत करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा ते बटण दाबावे, असा सल्ला सर्रास दिला जाई, तक्रारीचा परवानग्यांशी संबंध असो वा नसो. २०१५ मध्ये ते बटण डिस्क युटिलिटीतून काढून टाकले गेले. जुने उपाय बहुधा कार्यकारणभाव पाहून केले जात. हा मात्र बराचसा अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखा तोडगा होता.

मुदती, आणि त्या चुकवणारे

बदलाची गती ठरवण्याचे काम ॲपलने बाजारावर सोडले नाही. जानेवारी २००२ पासून नवे मॅक आपोआप मॅक ओएस एक्समध्ये सुरू होऊ लागले. मे २००२ मध्ये विकासकांच्या परिषदेत, आता ॲपलचे प्रमुख असलेल्या जॉब्स यांनी व्यासपीठावर शवपेटी आणून मॅक ओएस ९ चा अंत्यविधी केला. तो प्रसंग विनोदाचा असला, तरी श्रोत्यांमधल्या कंपन्यांसाठी संदेश स्पष्ट होता: जुन्यासाठी यापुढे काही लिहू नका. २००३ च्या सुरुवातीपासून नवे मॅक जुन्या सिस्टिममध्ये सुरूच होणार नाहीत, असे जाहीर झाले.

कंपन्यांची पावले सारखी पडली नाहीत. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या सिस्टिमसाठी आले, अडोबीचे फोटोशॉप ७ हे २००२ मध्ये. मुद्रणपूर्व मांडणीच्या क्षेत्रावर ज्याची हुकमत होती, त्या क्वार्कएक्सप्रेसची नव्या सिस्टिमसाठीची आवृत्ती मात्र २००३ च्या मध्यावर निघाली. एखाद्या प्रकाशनगृहाच्या दृष्टीने सिस्टिम कितीही पक्की झाली, तरी क्वार्क, त्याचे जोडप्रोग्राम आणि रंगांची जुळणी केलेले प्रिंटर यांपैकी एकही मागे राहिले, तर सगळे खाते मागे राहत होते. स्थलांतराचा वेग साखळीतल्या सर्वांत संथ कडीने ठरला. म्हणूनच जाहीर केलेल्या मुदतीनंतरही, जून २००३ मध्ये, मॅक ओएस ९ मध्ये सुरू होऊ शकणारा एक पॉवर मॅक जी४ ॲपलने पुन्हा विक्रीस ठेवला. काटेकोरपणे पाहता ही माघार होती, पण ती शहाणपणाची होती, कारण मुदतीचा मान राखण्यासाठी आपल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक ग्राहकांना तोडण्यात काही हशील नव्हते.

क्लासिकचा शेवट ठरल्याप्रमाणे शांतपणे झाला. २००६ मध्ये आलेल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ती चालत नव्हती आणि ऑक्टोबर २००७ च्या १०.५ मधून ती पूर्णपणे गेली. कार्बनचा शेवट तितका सरळ नव्हता. १९९८ मध्ये विकासकांना मिळालेली सवलत इतकी सोयीची होती, की अनेक मोठे प्रोग्राम तिच्यावरच स्थिरावले. आणि २००७ मध्ये कार्बनच्या खिडक्या-मेनूंचा भाग अधिक मेमरी वापरू शकणाऱ्या ६४ बिट प्रोग्रामांसाठी येणार नाही असे ॲपलने सांगितले, तेव्हा रॅप्सडीच्या वेळी टाळलेले काम पुन्हा पुढ्यात आले. २००८ चे फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४ बिट आणि मॅकवर ३२ बिट असे निघाले, आणि मॅकवरील ६४ बिट आवृत्तीसाठी अडोबीला २०१० च्या सीएस५ पर्यंत कोकोकडे वळण्याचे काम करावे लागले. फरक एवढाच, की १९९७ मध्ये हा खर्च एका डगमगत्या कंपनीच्या शब्दावर करायचा होता आणि २०१० मध्ये तो हाती असलेल्या ग्राहकांच्या बळावर करता आला. ॲपलचा स्वतःचा फाइंडर कार्बन सोडून कोकोवर आला तोही २००९ मध्येच. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिट प्रोग्राम चालवणे बंद केले आणि तोवर कोणीही हात न लावलेले कार्बनवरचे प्रोग्राम त्या आवृत्तीवर थांबले.